ज्याचा हात, त्याच्या खिशात

देवीदासभाऊ कोणाला भेटले की आधी तोंडाकडे बघत नाहीत, हाताकडे बघतात. दहाही बोटं जागच्या जागी दिसली की मग "काय म्हंता, बरं हाये ना?" असं विचारतात. अमरावतीत त्यांच्या गल्लीतल्या बायकांचा आधी समज झाला होता की या माणसाला हात पाहता येतो. दोघीतिघींनी तर लेकींच्या लग्नाचं विचारायला तळहात पुढेही केले होते. भाऊंनी बोटं मोजली आणि "चांगलं हाये, चांगलं हाये" म्हणत त्यांना वाटेला लावलं.

भाऊ विजेच्या खात्यात लाईनमन. नोकरीची तीन वर्षं राहिलेली. गाव नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं. दहावी झाली, आयटीआय झालं, आणि मग जन्मभर खांब. उंचीची भीती त्यांना कधी वाटली नाही. चढण्याआधी खांबाला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा आणि खारीसारखं सरसर वर जायचं. भीती बसली ती चौदा वर्षांपूर्वी, आणि तीही खाली जमिनीवर उभं असताना.

त्या दिवशी खांबावर धर्मपाल होता. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलेले, एकमेकांच्या डब्यातलं खाणारे. शेतातली तार तुटली होती. देवीदासभाऊंनी डीपीच्या पेटीतून तिन्ही ग्रिपा उपसून काढल्या. ग्रिप म्हणजे फ्यूजची चिनीमातीची मूठ. ती काढली की पुढची लाईन मेली. काढलेल्या ग्रिपा त्यांनी पेटीच्या डोक्यावर ठेवल्या आणि हाक दिली, "चढ गा!" मग ते तारेचं वेटोळं सोडवत बसले. पलीकडे एक शेतकरी हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणून सकाळपासून ताटकळला होता. बराच वेळ झाला, काम उरकलं असेल असं त्याला वाटलं. त्याने आपल्याच हाताने ग्रिपा बसवून दिल्या.

धर्मपाल कमरेच्या पट्ट्याला लटकला, म्हणून वाचला. डाव्या हाताची तीन बोटं मात्र गेली. खात्याने त्याला अकोल्याच्या ऑफिसात टेबलाचं काम दिलं. देवीदासभाऊंना तो आजवर एका शब्दाने बोलला नाही. उलट भेटला की आपल्याच हातावर हसायचा, "बायको म्हंते पाच वस्तू आणा, मी दोनच आणतो. मोजता येत नाई ना!" भाऊंना हे शिव्यांपेक्षा जड जायचं.

तेव्हापासून त्यांचा एकच नियम झाला. जो चढेल, काढलेल्या ग्रिपा त्याच्याच खिशात. पेटीवर नाही, दुसऱ्याच्या हातात नाही. चिनीमातीच्या वजनाने त्यांच्या पँटींचे खिसे लोंबून फाटायचे आणि त्यांची बायको इंदूबाई आतून जाड्या कापडाचं अस्तर लावून द्यायची. नव्या पोरांना ते सांगायचे, "ज्याचा हात, त्याच्या खिशात. देवाले नमस्कार करा, मंग खिसा चाचपा, मंग चढा."

अशा माणसाच्या घरात गेल्या दिवाळीनंतर रेसिंगची बोट आली.

त्यांची एकुलती एक लेक अपेक्षा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. कॉलेजांच्या रिमोटवरच्या बोटींची शर्यत जानेवारीत छत्री तलावावर होणार होती. अपेक्षा आणि तिच्या वर्गातला कुंदन, अशा दोघांनी नाव दिलं. कुंदन तिवस्याहून रोज ये-जा करणारा, सडपातळ, सतत काहीतरी चघळणारा मुलगा. पुण्याहून खोकं आलं. त्यातून हातभर लांबीची, पांढरी, सुरीसारख्या टोकाची बोट निघाली. इंदूबाईने तिला हळदकुंकू लावलं, देवापुढे ठेवली आणि मग पुढच्या खोलीतल्या टेबलाचा ताबा बोटीने घेतला.

भाऊंना सुरुवातीला मजा वाटली. तारेचं काम म्हणजे त्यांच्या हातचा मळ. अपेक्षा मोटर बसवायची, भाऊ जाड तारांना कथलाचे डाग द्यायचे. मोटरीपासून मागच्या पंख्यापर्यंत एक लवचीक दांडी जात होती. तिला ग्रीस लावून ती नळीत सरकवायची. रिमोटचा इशारा पकडणारी डबी पाण्यापासून वाचवायला अपेक्षाने ती चक्क वाढदिवसाच्या फुग्यात घातली आणि फुग्याचं तोंड बांधून टाकलं. एक बारीक नळी तलावातलंच पाणी आत ओढून मोटरीभोवती फिरवायची आणि कडेने बाहेर थुंकायची, म्हणजे मोटर तापायची नाही.

"हे बरं हाये," भाऊ म्हणाले. "नदीच्या काठी राहून तहान भागवते. शहाणी हाये बोट."

पहिल्यांदा तलावावर नेली तेव्हा बोट गुमान पळाली. पण दुसऱ्या कॉलेजची एक बोट तिच्या कडेने अशी सुसाट गेली की आपली जागेवर उभी असल्यासारखी वाटली. अपेक्षा घरी आली ती ओठ चावतच. मग पंधरा दिवस बोटीत सुधारणा चालल्या. दोन सेलची बॅटरी गेली, चार सेलची आली. मोटर दांडगी आली. प्लास्टिकच्या पंख्याच्या जागी धातूचा पंखा आला आणि अपेक्षाने त्याची पाती कानशीने घासून घासून विळ्यासारखी केली.

"व्होल्ट किती झाले आता?" भाऊंनी विचारलं.

"पंधराच्या आसपास."

"पंधरा? हे तं चिमटाही काढत नाई माणसाले."

"व्होल्टचं नोका पाहू बाबा. फेरे पाहा. मिनिटाले तीस हजार."

भाऊंचं हसू तिथेच थांबलं. विहिरीतली मोटर मिनिटाला तीन हजाराच्या आत फिरते, आणि तिच्यात अडकलेला दोर काय होऊन बाहेर येतो ते त्यांनी पाहिलेलं होतं. ते उठले. इंदूबाई कोशिंबिरीसाठी गाजरं घेऊन बसली होती. त्यातलं एक बोटाएवढं गाजर त्यांनी उचललं. बोट लाकडी घोडीवर पट्ट्याने बांधलेली होती.

"थोडीशीच दे," ते म्हणाले आणि गाजराचं टोक पंख्याकडे नेलं.

अपेक्षाने रिमोटचा खटका जेमतेम दाबला. चर्रकन आवाज झाला. गाजराचा तुकडा कुठे गेला ते कोणालाच दिसलं नाही. नंतर तो डब्यांच्या फळीमागे सापडला. भाऊंच्या हातात नारिंगी थोटूक राहिलं होतं. कापल्याची जागा आरशासारखी गुळगुळीत. ते थोटकाकडे पाहत राहिले. त्यांना गाजर दिसतच नव्हतं.

"चारशे चाळीसच्या तारेवर बसनारा मानूस," इंदूबाई म्हणाली, "आन गाजराले भ्याला पाह्य."

त्या दुपारी भाऊ जेवले नाहीत. अपेक्षा पोळी मोडत होती आणि ते तिच्या उजव्या हाताकडे बघत बसले होते. पोळी मोडणारी बोटं, वरणात बुडणारी बोटं, चाटून घेतलेलं अंगठ्याचं पेर. शेवटी म्हणाले, "माय, हे सोडून दे. दुसरं काई कर."

"तुमी खांब सोडला का बाबा?"

"मले पोट होतं."

"आन धर्मपालकाकाच्या नंतर? तवा तं ऑफिसातलं काम मिळत होतं तुमाले. आईनं सांगितलं मले."

भाऊ ताटावरून उठून बाहेर नळावर हात धूत राहिले, गरजेपेक्षा जास्त वेळ.

दोन दिवसांनी अपेक्षाने शर्यतीच्या नियमांचा कागद वाचून दाखवला. प्रत्येक बोटीला लूप पाहिजे, असं त्यात होतं. बॅटरीची एक तार बोटीच्या पाठीवर बाहेर काढायची, ती मधे तोडायची, आणि तिथे एक सॉकेट बसवायचं. त्या सॉकेटात जाड तारेचा छोटा फास खोचला की वीज जोडली जाते. उपसला की बोट मेली. काठावर बोट हातात घेताना आधी तो फास, म्हणजे लूप, उपसायचा.

भाऊ खुर्चीतून उठलेच. "अवं, हे तं आपली ग्रिप झाली!"

तो लूप त्यांनी स्वतः केला. चांगली जाड तार घेतली, डाग दोनदा दिला, वरून लाल टेप गुंडाळली. आणि मग दोघा पोरांना समोर उभं करून नियम सांगितला. बोटीला हात लावायचा तो अपेक्षाने. लूप उपसायचा तिनेच आणि टाकायचा स्वतःच्या खिशात. कुंदन रिमोट घेऊन उभा राहील. चालू करताना आधी रिमोट, मग बोट. बंद करताना आधी बोट, मग रिमोट. कारण रिमोट आधी बंद झाला तर बोटीला धनी राहत नाही. ती मनाला येईल तशी फिरू शकते. म्हणून कुंदनने विचारायचं, "लाईन?" अपेक्षाने म्हणायचं, "बंद." कुंदनने विचारायचं, "कोनाच्या खिशात?" ती म्हणणार, "माह्या." मगच रिमोट बंद.

"काका, हे बोट हाये का सबस्टेशन?" कुंदन हसत सुटला.

"हस तू. पन विचारल्याशिवाय बटन दाबलं तं तिवस्याले पायी धाडीन."

अडचण एकच निघाली. अपेक्षाच्या कुर्त्यांना खिसेच नव्हते. आपल्याकडे मुलींच्या कपड्यांना खिसा द्यायचं शिवणाऱ्यांच्या मनात येत नाही, जसं काही मुलींजवळ ठेवण्यासारखं काही नसतंच. इंदूबाईने पँटींच्या अस्तरातलं उरलेलं जाड कापड काढलं आणि लेकीच्या चारही कुर्त्यांना उजव्या बाजूने एकेक खोल खिसा शिवून दिला. महिनाभर रोज संध्याकाळी घरामागच्या सिमेंटच्या टाक्यात बोट सोडायची, उचलायची, लूप उपसायचा, खिशात टाकायचा, आणि पंख्याला हात लावण्याआधी वरून खिसा चाचपायचा. भाऊ बाजूला उभे राहून पाहायचे. एखाद्या दिवशी ती चाचपायला विसरली की ते ओरडायचे, "खिसा!" अपेक्षा वैतागायची, "अवो बाबा, आत्ताच टाकला ना!" तरी चाचपायची.

शर्यतीच्या दिवशीच अकोल्याला धर्मपालच्या लेकीचा, नीलमचा, साखरपुडा होता. नाही म्हणणं शक्य नव्हतं. शर्यत दहाला होती आणि भाऊंची एसटी सातची. अपेक्षा आत वेणी घालत होती. भाऊंनी निघता निघता टेबलावरच्या बोटीवर एकदा नजर टाकली. पंख्याच्या दांडीला ग्रीस थोडं कमी वाटलं. बॅटरी जोडलेली नव्हती, तरी त्यांनी सवयीने आधी लूप उपसला, खिशात टाकला, ग्रीस लावलं, चिंधीने पुसलं. तेवढ्यात इंदूबाई दारातून म्हणाली, "साडेसहा वाजून राहिले, जाता का नाई?" भाऊंनी देवाला हात जोडले, पिशवी घेतली आणि निघाले.

मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. वर्षालीचा, म्हणजे धर्मपालच्या बायकोचा, फोनवर काही निरोप आला होता. तो वाचायला भाऊंनी चष्म्यासाठी खिशात हात घातला. बोटांना चष्म्याआधी गोल, टणक, गुळगुळीत टेपचं काहीतरी लागलं.

ते त्यांनी बाहेर काढलंही नाही. हात तसाच खिशात राहिला.

लूप नसला तर बोट चालणार नाही, ही भीती त्यांना शिवलीही नाही. बोट न चालती तर त्यांनी पेढे वाटले असते. भीती दुसरीच होती. आपल्या वऱ्हाडात मोटरीचा स्टार्टर जळाला की कोणी थांबत नाही, डायरेक्ट करतात. फ्यूज गेला, डायरेक्ट करा. बटण तुटलं, दोन तारा पिळा, डायरेक्ट. तीस वर्षं हेच डायरेक्टचे कारभार निस्तरत ते फिरले होते. आणि अपेक्षा त्यांचीच लेक होती. तार कशी सोलायची, कशी वाकवायची, सगळं तिला बापानेच शिकवलं होतं.

त्यांनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. चौथ्यांदा उचलला. मागे लाउडस्पीकरवर कोणीतरी नावं पुकारत होतं.

"अपेक्षा! लूप माह्याजवळ हाये, माय. चुकून—"

"वाटलंच मले! घर पूर्ण उलथंपालथं केलं आमी. पन टेन्शन नोका घेऊ, मी डायरेक्ट केलं. तांब्याची तार वाकवून सॉकेटात घातली, वरून टेप मारली. तपासनारे सर दुरून पाहून गेले, काई बोलले नाई."

"काढ ते. ऐक, आत्ताच्या आत्ता काढ. तुले उपसता नाई येनार ते—"

"बाबा, आवाज तुटून राहिला तुमचा. आमची बोट पयल्याच फेरीत हाये. फोन पिशवीत ठेवतो मी." आणि फोन बंद झाला.

गाडीचा कंडक्टर घंटी मारत होता. भाऊ खाली उतरले. समोर अमरावतीची गाडी लागलेली होती, त्यात चढले. बसल्यावर धर्मपालला फोन केला.

"का गा, कुठं पोचला?" धर्मपाल म्हणाला. "इथं सोयरे येऊन राहिले. तुह्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली."

"मी परत फिरलो धर्मपाल." आणि त्यांनी सांगितलं. ग्रिप माझ्या खिशात आहे आणि पोरीने लाईन डायरेक्ट केली, एवढंच. धर्मपालला जास्त सांगावं लागलं नाही. पलीकडे शहनाईची टेप वाजत होती.

"जाय," धर्मपाल म्हणाला. "इथं दुसरा बसंन त्या खुर्चीवर. आन हे पाह्य, ड्रायव्हरच्या मांगं उभा राहू नको. तुह्यानं गाडी जोरात नाई पळत."

तो विनोदही भाऊंना सहन झाला नाही. बडनेरा येईपर्यंतचा रस्ता त्यांनी त्या गोल लूपवर मूठ आवळून काढला. डोळे मिटले की गुळगुळीत कापलेलं गाजर दिसायचं. त्यांनी अंबादेवीला नवस बोलायला ओठ उघडले आणि मिटले. लाज वाटली. चूक आपण करायची आणि ओझं देवीवर टाकायचं, हे काही बरं नाही. ते नुसतं नाव घेत राहिले, मागितलं काहीच नाही. मागणं काय आहे ते तिला कळतच असणार.

चौदा वर्षांपूर्वी त्यांनी ग्रिपा बाहेर ठेवल्या म्हणून धर्मपालचा हात गेला होता. आज त्यांनी ग्रिप खिशात ठेवली म्हणून लेकीचा हात जाणार होता. एका माणसाने करावं तरी काय? ग्रिप निर्धास्त ठेवावी अशी जागाच देवाने त्याच्यासाठी ठेवली नव्हती. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "दादा, जीव घाबरून राहिला का? पानी देऊ?" भाऊंनी तिच्या बाटली धरलेल्या हाताकडे पाहिलं. बोटं पाच होती.

राजापेठला उतरून ऑटो केला. छत्री तलावाच्या भिंतीवर ते पोहोचले तेव्हा दहा वाजून पंधरा मिनिटं झाली होती. भिंतीवर गर्दी होती. लाउडस्पीकर इतका मोठ्याने चालू होता की शेजारच्याचंही ऐकू येत नव्हतं. पहिली फेरी संपत आली होती आणि पांढरी बोट पाण्यात नव्हती असं त्यांना आधी वाटलं. मग दिसली. तलावाच्या कडेला पाणवेलींचा हिरवा थर होता, त्यात अडकून ती थबकली होती. ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबवर बसून एक माणूस हातांनी पाणी मारत तिच्याकडे चालला होता. त्याने बोट उचलून मांडीवर घेतली. पंखा हलला नाही. माणसाने बोट काठावर आणून अपेक्षाच्या हातात दिली.

भाऊ पायऱ्यांकडे धावले. पंचावन्न वर्षांचे पाय, खाली चाळीस पायऱ्या, आणि मधे माणसंच माणसं. "अपेक्षा! हात नोको लावू!" ते ओरडले. लाउडस्पीकरने ते गिळून टाकलं. कोणीतरी वळून म्हणालं, "काका, धक्का नोका देऊ ना!"

खाली अपेक्षाने बोट घोडीवर ठेवली. पंख्याभोवती वेलीचा हिरवा गुंडाळा बसला होता. कुंदन चार पावलं मागे उंच दगडावर रिमोट घेऊन उभा होता. दुसऱ्या फेरीला अर्धा तास होता आणि वेल काढायची घाई होती. अपेक्षा उकिडवी बसली. तिचा उजवा हात पुढे गेला, वेलीचं लोंबतं टोक धरायला. पंख्यापासून वीतभर राहिला.

भाऊ विसाव्या पायरीवर उभे होते. आता ओरडायलाही आवाज राहिला नव्हता.

हात तिथे थांबला. मागे फिरला. कुर्त्याच्या उजव्या बाजूला गेला आणि खिसा चाचपला. एकदा. मग पुन्हा एकदा. खिसा रिकामा होता. अपेक्षाने मान खाली घालून त्या खिशाकडे पाहिलं, जशी काही तो काय म्हणतोय ते ऐकत होती.

आणि कुंदनला वाटलं, खिसा चाचपला, म्हणजे झालं काम. रोजच्यासारखं. त्या गोंगाटात विचारायचं राहिलं. त्याने रिमोट बंद केला.

पंखा किंचाळला. वेलीचे तुकडे फवाऱ्यासारखे उडाले, अपेक्षाच्या तोंडावर, केसांवर, कुंदनच्या बुटांवर. बोट घोडीवरून उडी मारून आडवी पडली आणि दगडावर थडथडत फिरू लागली. बायका ओरडत मागे सरल्या. अपेक्षा मागच्या मागे पडली होती. पडल्यापडल्याच ती किंचाळली, "कुंदन! रिमोट चालू कर! चालू कर!"

कुंदनने चालू केला. पंखा थांबला.

सगळं मिळून तीनचार सेकंद झाले असतील. भाऊंना तेवढ्यात सगळी चौदा वर्षं परत जगून झाली.

ते खाली पोहोचले तेव्हा अपेक्षाने टेप ओरबाडून तांब्याची तार उपसली होती आणि ती मुठीत धरून बसली होती. तोंड पांढरं पडलेलं, गालावर वेलीचा एक तुकडा चिकटलेला. बापाला पाहून तिला काही कळेना.

"बाबा? तुमी अकोल्याले…"

भाऊ तिच्यासमोर दगडावर बसले. तिचा उजवा हात ओढून घेतला, मूठ उघडली. तार बाजूला ठेवली. मग एकेक बोट दाबून पाहिलं. डावा हात मागितला. तोही पाहिला. ती लहान असताना तिला बोटांवर मोजायला शिकवायचे, तसं.

"लागलं नाई बाबा."

"दिसून राहिलं."

कुंदन दगडावरून उतरला होता, पण जवळ यायला तयार नव्हता. "काका, मी विचारलं नाई," तो म्हणाला. "तिनं खिसा चाचपला आन मले वाटलं…"

"मी पन विचारलं नोतं तिले," भाऊ म्हणाले. "सकाळी टेबलावरून लूप उचलला, सांगितलं नाई. तू तिवस्याले गाडीनंच जा."

कुंदनला त्यावर रडावं की हसावं ते कळलं नाही. त्याने दोन्ही थोडं थोडं केलं.

भाऊंनी खिशातून लाल टेपचा लूप काढला. मुठीतल्या घामाने तो ओला झाला होता. बोट घरी घेऊन चला, असं म्हणायचं त्यांनी बसमध्ये शंभरदा ठरवलं होतं. आता ते शब्द जिभेवर आले आणि त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती सॉकेट पुसत होती. खिसा रिकामा लागला म्हणून थांबलेला हात तो हाच होता. देवाने राखलं असं आपण म्हणतो, आणि ते खरंच आहे. पण त्या दिवशी देवालाही इंदूबाईने शिवलेला तो खिसा कामी आला.

"घे," भाऊ म्हणाले आणि लूप तिच्या हातावर ठेवला. "आता पयले खिशात. वेल काढ. मंग सॉकेटात."

अपेक्षाने लूप खिशात टाकला, वरून चाचपला. मग वेल काढायला लागली. केसासारखे बारीक हिरवे धागे दांडीत पार आत गेले होते. ती एकेक धागा ओढत होती आणि भाऊ श्वास मोजत होते. मोटर मेलेली आहे, ग्रिप तिच्याच खिशात आहे, सगळं माहीत असूनही त्यांची नजर तिच्या बोटांवरून हटत नव्हती. ती आता कधी हटणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं.

फोन वाजला. धर्मपाल होता. मागे लोकांचा कलकलाट, बहुधा अंगठी घालून झाली होती.

"पोचला का?"

"पोचलो."

धर्मपाल म्हणाला, "किती?"

भाऊंनी अपेक्षाच्या हातांकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"दहा," ते म्हणाले. "पूर्ण दहा हायेत, धर्मपाल."

"बरं." पलीकडे धर्मपालने नाक ओढल्यासारखा आवाज आला. "मंग संध्याकाळी पोरीले घेऊनच ये. नीलमले सांगतो, दोन ताटं झाकून ठेव."

लाउडस्पीकरवर दुसऱ्या फेरीची नावं पुकारली. अपेक्षा बोट घेऊन पाण्याच्या कडेला गेली. कुंदनने रिमोट चालू केला आणि लाउडस्पीकरच्याही वर ओरडून सांगितलं, "रिमोट चालू! लाव लाईन!" चार माणसं वळून पाहायला लागली. त्याला त्याचं काही वाटलं नाही. अपेक्षाने खिशातून लूप काढला, सॉकेटात खोचला आणि बोट पाण्यात सोडली.

"तुमी निघा बाबा," ती मागे वळून म्हणाली. "मी येतो चारच्या गाडीनं अकोल्याले."

"निघतो," भाऊ म्हणाले.

पण ते तिथेच दगडावर बसून राहिले. बोट परत काठाला लागेपर्यंत, ती उचलून अपेक्षा लूप उपसेपर्यंत, आणि तिचा हात खिशापाशी जाईपर्यंत त्यांना उठता येणार नव्हतं.